गुणाजीच्या बाप्तिस्म्याचं घंगाळ

मित्रांनो, मी एक जुनं तांब्याचं घंगाळ आहे, आणि आधी माझी तक्रार ऐका. गुणाजीच्या मुलाचं, विश्रामचं वागणं मला मुळीच आवडलं नाही. ज्या पाण्यानं त्याला ख्रिस्ती मंडळीत घेतलं, ते पाणी माझ्यात होतं. त्याच माझ्यात त्यानं म्हशीची पेंड भिजवली!

मला कल्याणच्या एका तांबटानं ठोकून ठोकून घडवलं. गुणाजीनं मला होडीनं ठाण्याला आणलं. त्याची बायको रंगूबाई चिंच लावून मला असं लखलखवायची, की शेजारणी माझ्यात बघून कुंकू नीट करून जात. पुढे दोघं मिशनच्या उपासनेला जाऊ लागली. बाप्तिस्मा घ्यायचं ठरलं, तोच गुणाजीला ताप भरला. मान उचलवेना. तेव्हा मिशनचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, घरी आले. मंडळी गरीब, पात्र कुठलं आणायचं? रंगूबाईनं मलाच पुढं केलं. माझ्यातलं ओंजळभर पाणी गुणाजीच्या डोक्यावर पडलं, मग रंगूबाईच्या, मग तिच्या मांडीवरच्या विश्रामच्या. त्याच आठवड्यात गुणाजी देवाघरी गेला.

तेव्हापासून मंडळीतला प्रत्येक बाप्तिस्मा माझ्यातल्या पाण्यानं झाला. त्या दिवशी मी उपासनेत, एरवी रंगूबाईच्या माजघरात. मला दुसऱ्या कुणी घासायचं नाही, हा तिचा मान. टेंभी नाक्यावरचे लोक हसत, "अंघोळीच्या घंगाळात धर्म बदलतात!" रंगूबाई उलट विचारी, "तुमच्याकडे अंघोळ तरी होते का?"

विश्राम शिकला, कचेरीत लागला आणि पहिल्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास वाचू लागला. आपली मंडळी खरी की दुसरी, याचा त्याला घोर लागला. त्यात खडवलीच्या नदीत बुडवून बाप्तिस्मा देणारा एक उपदेशक भेटला, आणि स्वारी पेटलीच. मग कसलं घंगाळ आणि कसला मान! मला उचलून त्यानं गोठ्यात नेलं.

रंगूबाईनं मला तिथं पाहिलं मात्र, ती कडाडली, "विश्राम! हे काय रे?"

"आई, पहिले ख्रिस्ती वाहत्या पाण्यात उतरत. डोक्यावर ओंजळ ओतली म्हणजे बाप्तिस्मा नव्हे. मी रविवारी नदीत पुन्हा घेणार. तूही चल."

"मी येईन रे. मला पाय आहेत. तुझ्या बापाला कुणी न्यायचं?"

विश्राम वाकून पेंड कालवू लागला.

"म्हणजे तो बाप्तिस्म्यावाचून गेला? सांग की, शहाण्या! फणफणलेल्या माणसाला मी नदीत बुडवायला हवं होतं का? आण तुझं पुस्तक. तो मंडळीबाहेरचा, असं कुठं लिहिलंय ते वाचून दाखव."

विश्रामनं पुस्तक आणलं आणि इंग्रजीतलं मराठीत करून सांगू लागला. वाहत्या पाण्याची ओळ आली. तिथं तो थांबला.

"पुढं?" रंगूबाई म्हणाली.

पुढं त्यानं वाचलंच नव्हतं. आता वाचलं. वाहतं पाणी नसेल तर दुसरं चालेल. तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर ओतावं. आणखी दोन पानं उलटली, तर आजाऱ्याला अंथरुणातच बाप्तिस्मा देत, हेही निघालं. त्याचा आवाज खाली आला. मित्रांनो, रंगूबाईला अक्षर येत नव्हतं. तो ते गाळू शकला असता. त्यानं शब्द न् शब्द वाचला. तिथंच मी त्याला माफ केलं.

मग त्यानं मला विहिरीवर नेऊन स्वतः घासलं, आणि रंगूबाईनं त्याला घासू दिलं.

"खडवलीला नाही ना जात?" तिनं विचारलं.

"बाप्तिस्म्याला नाही. पण त्या लोकांचं ऐकायला जाईन. मला अजून पुष्कळ विचारायचंय, आई."

मित्रांनो, जुनं भांडं गोठ्यात टाकण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा, की यात कुणाचं काय राहिलंय. माझं एवढंच मागणं. बाकीचं रंगूबाईच बोलली. पदराला हात पुसत ती म्हणाली, "विचार, खुशाल विचार. खडवलीला जा, नाहीतर यरुशलेमला जा. पण विश्राम, अर्ध्या पानावर थांबून पुन्हा कुणाच्या बापाला मंडळीतून उठवलंस, तर मी आहे आणि तू आहेस!"