दुसऱ्याच्या हातची भिंगरी

रुपरावचे डोळे गेले आणि ताराचंदच्या कारखान्यातला एक ठिय्या रिकामा झाला. कारखाना म्हणजे काय, नंदनवन वस्तीच्या कडेला टिनाचं एक लांबट शेड. पण ताराचंद त्याला कारखाना म्हणायचा आणि त्याच्यापुढे दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. वर्षभर पाट-चौरंग आणि श्रावण लागला की पोरांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल. शेडच्या एका अंगाला चार माणसं ओळीनं बसून लाकूड तासायची, दुसऱ्या अंगाला बाया बसून रंग द्यायच्या. ओळीत बसायची जागा म्हणजे ठिय्या. मधल्या चार हात जमिनीवरून आजवर एकही बाई इकडची तिकडे झाली नव्हती.

गोपिका सात वर्षं बैलांचे डोळे रंगवत होती. डोळे ती झकास काढायची, पण एखाद्याचा पाय वाकडा तासलेला हातात आला की तिच्या जिवाची तगमग व्हायची. वाकड्या पायाच्या बैलाला कितीही गोड डोळे काढा, तो लंगडा तो लंगडाच. तिला लाकूड हवं होतं. रुपराव गावी गेला त्याच आठवड्यात ती चार हात जमीन ओलांडून गेली आणि तिनं सरळ ठिय्या मागितला.

ताराचंद हसला असता तरी बरं झालं असतं. त्यानं नुसतं विचारलं, तासता येतं का. गोपिकानं पदराआडून एक भिंगरी काढली. वीतभर बांबूची पट्टी, दोन्ही पात्यांना उतार दिलेला, मधोमध तापल्या खिळ्यानं पाडलेलं भोक आणि त्यात ठोकलेली बारीक काडी. घरी वरण घुसळताना ही तिला सुचली होती. दोन तळहातांत रवी फिरवता फिरवता तिच्या मनात आलं, या रवीच्या फुलाला जर उतार असता तर ती वरणातून उठून आढ्याला लागली असती. मग चार दिवस तिनं घरातला चाकू सोडला नव्हता.

तिनं दारात येऊन काडी तळहातांत धरली, एक जोराचा रेटा दिला आणि हात सोडले. भिंगरी भुर्र करत शेडच्या टिनावरून पलीकडे गेली. रंगाच्या बाया उठून उभ्या राहिल्या. ताराचंदचे डोळे चमकले ते गोपिकाला दिसले. बैल काय, आठ दिवसांचा धंदा; ही वर्षभर जत्रेत खपेल, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्यानं भिंगरी आणवली, स्वतःच्या हातात घेतली, फिरवली. ती सरळ खाली आली आणि त्याच्या पायाच्या अंगठ्यावर आदळली.

चार वेळा तेच झालं. मग ओळीतल्या मनोहरनं हात आजमावला, भिंगरी भुशात तोंड खुपसून बसली. रंगवाल्या इंदूबाईनं फिरवली, ती थेट पांढऱ्या रंगाच्या वाटीत गेली आणि इंदूबाईचं लुगडं ठिपक्याठिपक्यांचं झालं. गोपिकानं पुसून पुन्हा उडवली तर गेली की टिनावर.

"तुह्या हातानं उडते, त्याले मी काय करू?" ताराचंद अंगठा चोळत म्हणाला. "गिऱ्हाइकाच्या घरोघरी तू जाशीन काय उडवाले? पोळ्याच्या आधी माह्या हातानं उडाली पाहिजे. उडाली त रुपरावचा ठिय्या तुहा. नाही उडाली त रंगाची वाटी आहेच."

पोळ्याला बारा दिवस होते.

पहिले दोन दिवस गोपिकानं आपल्या मनाशी लोकांना दोष देण्यात घालवले. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तिनं ताराचंदला लावली, मनोहरला लावली, इंदूबाईला तर दोनदा लावली. तिसऱ्या दिवशी तिच्या सासूनं, रुखमाबाईनं, अंगणात बसल्या बसल्या भिंगरी फिरवून पाहिली आणि ती राखेच्या टोपल्यात गेली. रुखमाबाईच्या हातात अजून इतका जोर होता की दोन पायल्या दळण ती एका बैठकीत संपवायची. आता कुणाला वाकडं म्हणणार?

तेव्हा कुठे गोपिकानं भिंगरीचा विचार केला. पाती पातळ केली. काडी लांब केली, आखूड केली. सुईच्या टोकावर तोलून जड बाजू खरवडली. दर वेळी तिच्या हातून भिंगरी आणखी उंच जायची आणि सासूच्या हातून आणखी जोरात खाली यायची. नवरा वसंत गिरणीच्या पाळीवरून आला की विचारायचा, आज कुठं पडली? एवढं विचारून जेवायला बसायचा. सहाव्या दिवशी रुखमाबाई म्हणाली, पट्टी पालथी करून लावून पाहा. गोपिकाला ते एकदम पटलं. खाली जाते ना, मग उलटी लावली की वर जाईल. तिनं पट्टी काढली, उलटी ठोकली, आणि भिंगरी पुन्हा तिच्या हातून वर आणि सासूच्या हातून खाली. गोपिका कपाळाला हात लावून बसली. मग तिची नजर कपडे वाळत घातलेल्या दोरावर गेली. दोर या टोकानं धरा की त्या टोकानं, पीळ तोच राहतो. पालथी घालून काही होणार नव्हतं. पीळ कुठून आला, ते शोधायला हवं होतं.

"तुह्या हाताले वळखते वं ते," रुखमाबाई म्हणाली. "दुसऱ्याच्या हाती देलं का अंग टाकते."

हे ऐकून गोपिकानं एक केलं. दोघींनी समोरासमोर बसून, हातात नुसत्या काड्या घेऊन, अगदी सावकाश रेटा द्यायचा. दोघींचे तळहात एकमेकांवरून सरकले आणि थांबले. रुखमाबाईचा उजवा हात पुढे गेला होता. गोपिकाचा डावा.

गोपिका कितीतरी वेळ आपल्या हातांकडे बघत राहिली. रवी मागे-पुढे दोन्हीकडे फिरते, तिथं कुणाच्या लक्षात येणार? भिंगरीला मात्र शेवटचा एकच रेटा असतो.

उमरेडच्या वाटेवरच्या तिच्या माहेरी, ती चार वर्षांची असताना, आईनं तिच्या डाव्या हाताला चिंधी गुंडाळून ठेवली होती. जेवायचं उजव्यानं, पाटी उजव्यानं, हळदीकुंकू उजव्यानं. चिंधी वर्षभर राहिली आणि काम फत्ते झालं. रंगाची कुंचलीसुद्धा ती उजव्या हातातच धरायची, कारण देवाच्या बैलाला डावा हात लागू द्यायचा नाही, हा ताराचंदचा बापापासूनचा नियम होता. राहता राहिला चाकू. पोरीच्या जातीला लाकूड तासायला कुणी शिकवलंच नाही, म्हणून ती सवय मोडायचंही कुणाला सुचलं नाही. घरी मागच्या दारी बसून ती डाव्या हातानं तासायची, आणि हा आपला एक वाकडेपणा आहे, झाकून ठेवावा, असं समजायची. तोच वाकडेपणा लाकडात उतरला होता. तिनं सगळ्या जगाची भिंगरी म्हणून फक्त स्वतःची भिंगरी केली होती. तिला हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. रुखमाबाईनं दोन्ही होऊ दिलं आणि मग विचारलं, आता काहून बसली? दिवस सहाच राहिले.

एक वाट सोपी होती. लोकांना सांगायचं, डावा हात पुढे रेटा. गोपिकानं ती वाट अर्ध्या मिनिटात सोडली. ज्या खेळण्याबरोबर शिकवणारी बाई द्यावी लागते, ते खेळणं कसलं?

उतार उलटा तासायचा, एवढंच काम. पण एवढंच म्हणणाऱ्यानं ते करून पाहावं. पहिली पट्टी तासून झाली तर उतार जुनाच. दुसरीलाही तेच. डोकं सांगत होतं एक आणि हात आपल्या वळणानं चालला होता. चार पट्ट्या चुलीत गेल्या. पाचव्या वेळी तिनं पट्टीच्या ज्या कडा उंच राहायला हव्यात त्यांना कुंकवाचं बोट लावलं आणि ठरवलं, लाल दिसतं तिथं चाकू लावायचा नाही, मग हात काय वाट्टेल ते म्हणो. अंगठा कापला. चिंधी बांधून पुन्हा बसली. यावेळी चिंधी उजव्या हाताला होती.

आता नवीच पंचाईत. ही भिंगरी गोपिकाच्या हातून उडणार नव्हती, म्हणजे तिला स्वतःला पारखताच येणार नव्हती. तिनं ती सासूपुढे धरली. साठी उलटलेली रुखमाबाई अंगणाच्या मधोमध उभी राहिली, पदर खोचला, रेटा दिला आणि हात सोडले. भिंगरी घरावरच्या कवेलूंच्या वर गेली, क्षणभर तिथंच फिरत राहिली आणि शेजाऱ्यांच्या पेरूत उतरली. म्हातारी तोंड उघडं टाकून वर बघत होती. आयुष्यात आपल्या हातून काही उडालं, हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. मग तिनं दिवसभर कुणाला भिंगरीला हात लावू दिला नाही, आणि गोपिका तासत राहिली. पाच दिवसांत बावीस झाल्या. रुखमाबाईनं एकेक उडवून पाहिली. दोन नापास केल्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गोपिका टोपली घेऊन शेडमध्ये गेली. ताराचंदनं एक भिंगरी उचलली, दाराबाहेर आला आणि आधी पाय मागे घेतला, अंगठ्याची आठवण असावी. रेटा दिला. भिंगरी टिनावरून गेली. त्यानं दुसरी घेतली, ती गेली. तिसरी गेली. मनोहरची गेली, इंदूबाईची गेली. काम थांबलं आणि सगळं शेड दारात येऊन माना वर करून उभं राहिलं. गोपिका एकेक भिंगरी पुढे करत राहिली.

ताराचंदनं शेवटची भिंगरी तिच्यापुढे धरली. आता तू उडव, म्हणाला.

तिला उजव्या हातानं उडवता आली असती. मागच्या पाच दिवसांत तिनं घरी तशी सवय करून पाहिली होती. कुणाला काही कळलं नसतं, ठिय्या मिळाला असता, आणि मग त्या ठिय्यावर ती जन्मभर उजव्या हातानं वाकडे पाय तासत बसली असती. तिनं काडी धरली आणि आपल्या मूळ हातानं रेटा दिला. भिंगरी फाटकन तिच्या पायाशी पडली.

सगळे हसले. मनोहर म्हणाला, घ्या, आता हिच्याच हातून नाही उडत. गोपिकानं टोपलीच्या तळातून आपली पहिली भिंगरी काढली, तोच रेटा दिला, आणि ती सगळ्यांपेक्षा उंच गेली.

"त्या तुमच्या हातच्या, हे माह्या हातची," ती म्हणाली. "दोन्ही मीच तासल्या. मी डावखुरी आहो, भाऊ. चाकू मी डाव्याच हातानं धरते."

ताराचंद पडलेली भिंगरी हातात घेऊन तिचा उतार बोटानं चाचपत राहिला. त्यानं शब्द दिला होता आणि तो शब्दाचा पक्का होता. पण नियमही बापाचा होता. मग तो म्हणाला, ठिय्या तुझा, भिंगऱ्या कोणत्याही हातानं कर, बैलाला मात्र उजवा लाव.

"उजव्यानं तासला त लंगडा निघन," गोपिका म्हणाली. "तुमीच सांगा, देवाले कोणता चालते?"

ताराचंदनं हातातली भिंगरी टोपलीत टाकली. तो आत गेला, आणि एक अर्धवट बैल आणून त्यानं रुपरावच्या जागेवर ठेवला, शेजारी पटाशी ठेवली. तीन पाय झाले होते, चौथा नुसता ठोकळा होता. गोपिका चार हात जमीन ओलांडून गेली, मनोहरच्या शेजारी मांडी घालून बसली आणि तिनं पटाशी डाव्या हातात घेतली. पहिला घाव बसला. तिनं घाई केली नाही. मांडी आली, गुडघा आला, खाली खूर आला. मध्ये दोनदा तिचं कोपर मनोहरच्या उजव्या कोपराला लागलं, दोनदा तो चुकचुकला, आणि दोन्ही वेळा तिनं अंग चोरून घेतलं.

पाय झाल्यावर तिनं बैल जमिनीवर उभा केला. ताराचंद उकिडवा बसला. त्यानं बोटानं बैलाच्या पाठीवर दाबून पाहिलं, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. बैल हलला नाही.

तो उठला, धोतराचा भुसा झटकला आणि ओळीकडे बघून म्हणाला, "मनोहर, सरक गा तिकडं. इच्या कोपराले जागा पाहिजे."