उंदरांच्या पिंजऱ्यातलं विरजण

उजवीकडचे उंदीर फुगत चालले होते, आणि नेमके तेच फुगायला नको होते.

प्रयोगशाळेतल्या मॅडमचा बेत साधा होता. डावीकडच्या पिंजऱ्यांत चरबीचं, गोडाचं खाणं. उजवीकडच्यांत साध्या धान्याच्या गोळ्या. डावे जाड व्हायचे, उजवे सडपातळ राहायचे. मग दोघांचं रक्त, यकृत, काळीज तपासायचं आणि जाडी शरीरात काय काय बिघडवते ते शोधून काढायचं. दोन वर्षं सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं. आणि आता हे उजवे बहाद्दर साध्या गोळ्या खाऊन टम्म! रक्तातली साखर वाढलेली, यकृतावर चरबी, सगळं अगदी डाव्यांसारखं.

मॅडमनी वजनाचा काटा बदलला, गोळ्यांची पोती बदलली. शेवटी बदलायला उरली ती मावशी. मावशी म्हणजे या प्राणिघराची सर्वेसर्वा. पिंजरे धुवायची, भुसा बदलायची, पाणी भरायची आणि एखादा उंदीर मलूल दिसला की त्याच्याशी बोलायचीसुद्धा. अकरा वर्षं हेच काम.

"मावशी, खरं सांगा," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही यांना चोरून काही घालता का?"

झालं! मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मी? चोरून? अहो, एक दाणा जरी इकडचा तिकडे केला असेल ना, तर हात झडोत माझे!"

"मग हे जाड झाले कशाने? हवा खाऊन?"

"ते तुम्ही शोधा! शिकलेल्या तुम्ही आहात!"

मॅडम वाईट नव्हत्या, पण त्यांचाही जीव टांगणीला लागला होता. सोमवारी प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीपुढे कारण द्यायचं होतं. दुसरं काही सापडलं नाही, तर 'खाणं देण्यात लबाडी झाली' असं लिहावं लागणार होतं. म्हणजे मावशीची नोकरी जाणार, आणि वर चोरीचा शिक्का.

कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणत मावशीने पदर खोचला आणि भुसा बदलायला घेतला. "बघा! उभ्या राहा इथेच आणि डोळे फाडून बघा!" मॅडम खरंच उभ्या राहिल्या.

मावशीने डावीकडचा पहिला पिंजरा रिकामा केला. त्यातला मूठभर जुना, घाण भुसा बाजूच्या डब्यात टाकला. मग उजवीकडचा पिंजरा घेतला, धुतला, नवा भुसा पसरला आणि डब्यातली चिमूट त्यात भुरभुरली.

"हे काय करताय?"

"विरजण लावतेय."

"काय लावताय?"

"विरजण हो! कोऱ्या भुशात टाकलं की हे चावाचावी करतात, घाबरतात. जरा ओळखीचा वास असला की गप निजतात. डावीकडचे खाऊनपिऊन सुस्त, शांत. म्हणून त्यांच्यातलं घेते. दही नाही का, ज्या घरचं चांगलं लागतं त्या घरचं विरजण मागून आणतो आपण."

"कधीपासून?"

"चारपाच महिने झाले. उजवीकडचे फारच भांडायला लागले तेव्हापासून."

मॅडम जागच्या जागी खिळल्या. चारपाच महिने. उंदीर फुगायला लागले तेही तेव्हापासूनच. "मावशी, या भुशात त्यांच्या लेंड्या असतात."

"असणारच की. आणि हे मेले त्या खातातही. दुसऱ्याच्या सुद्धा!"

"म्हणजे डाव्यांच्या पोटातले जंतू उजव्यांच्या पोटात..." मॅडमनी कपाळावर हात मारला आणि एकदम हसत सुटल्या. "अहो विरजण! खरोखरचं विरजण! खाणं नाही, जंतू गेले यांच्यात! त्याच गोळ्यांतून यांचं शरीर जास्त ओढून घेत असेल!"

मावशीला निम्मंच कळलं. "मग मी चोर नाही ना?"

मॅडमचं हसू थांबलं. "हे सिद्ध करावं लागेल, मावशी. माझा नुसता अंदाज समिती ऐकणार नाही."

"कसं करणार सिद्ध?"

"नवे सडपातळ उंदीर आणायचे. निम्म्यांना हे विरजण द्यायचं, निम्म्यांना नाही."

"तसं नको," मावशी म्हणाली. "मग म्हणतील, वासानेच सुस्तावले. निम्म्यांना उकळलेलं विरजण द्या. विरजण उकळलं की मरतं, त्याने दही लागत नाही. वास मात्र राहतो थोडाफार."

 मॅडमनी वही काढली आणि ते शब्द न् शब्द उतरवून घेतलं.

समितीने चार आठवडे दिले. अट एकच होती, मावशीने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. गोळ्या मॅडम स्वतः तोलणार, पिंजरे मॅडम स्वतः धुणार. मावशी काचेबाहेर उभी राहून ओरडायची, "शेपटीच्या टोकाला नका धरू! बुडाला धरा, बुडाला!" मॅडमच्या बोटांना तीनदा उंदीर चावले तेव्हा मावशीला वाईट वाटलं, पण फार नाही.

घरी मात्र तिला घास गोड लागेना. तिसऱ्या आठवड्यात ती लेकीजवळ बसून फणफणली. "अकरा वर्षं इमानाने केलं, आणि आता काचेबाहेर उभं करतात. न केलेल्या चोरीचा आळ आला की काय वाटतं, सांग बरं!"

लेक सोळा वर्षांची, अंगाने चांगली भरलेली. तिने पुस्तकातून मान वर केली. "मला विचारतेस? मी बारा वर्षांची असल्यापासून तू मला म्हणतेस, घरात एवढंसं खाते, बाहेर चोरून खात असणार. मावशीआत्यांसमोर म्हणतेस, दुकानदारासमोर म्हणतेस. मला बरोब्बर माहीत आहे काय वाटतं."

 "उंदरांचं निराळं," एवढं पुटपुटून मावशी उठली, पण त्या दिवसापासून तिला दोन्हीकडे चैन पडेना.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी मावशी काचेला नाक लावून उभी होती. आत मॅडम एकेक उंदीर काट्यावर ठेवत होत्या. चेहरा दगडासारखा. दहा झाले. पंधरा झाले. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. विसावा उंदीर पिंजऱ्यात परत गेला, मॅडमनी कुणाला कच्चं, कुणाला उकळलेलं ती यादी ताडून बघितली, पुन्हा बघितली, आणि दार धाडकन उघडलं.

"लागलं! मावशी, लागलं!"

"काय लागलं? कुठं लागलं?"

"विरजण लागलं! कच्च्या विरजणाचे सगळेच्या सगळे दहा जाड! उकळलेल्याचा एकही नाही! खाणं दोघांना तेच, ग्रॅमला ग्रॅम!"

मावशीने मॅडमना मिठीच मारली, उंदरांनी चावलेल्या, पट्ट्या लावलेल्या बोटांसकट. दोघी त्या अरुंद वाटेत गोल फिरल्या, भुशाची बादली लवंडली, कुणालाच पर्वा नव्हती. मग मॅडम थांबल्या. "मी तुम्हाला चोर म्हणाले. चुकलं माझं. माफ करा."

मावशीला हेच ऐकायचं होतं. चार आठवडे याचीच वाट बघत होती. पण ऐकलं आणि आनंदाच्या जागी तिला लेकीचे शब्द आठवले. ती म्हणाली, "मॅडम, मी जरा घरी जाऊन येते," आणि वाटेत कुठेही न थांबता गेली.

लेक दारातच भेटली. "काय झालं? नोकरी राहिली?"

"राहिली." मावशीने धापा टाकत सगळं सांगितलं, कच्चं, उकळलेलं, दहा आणि दहा.

लेकीचे डोळे मोठे झाले. "म्हणजे माझंही तसंच असेल?"

"मॅडम म्हणतात, कळलंय ते उंदरांपुरतं. माणसाचं कळायला अजून पुष्कळ वर्षं जातील."

"मग तोवर?"

"तोवर तू सांगशील ते खरं." मावशीने लेकीचा हात धरला. "मॅडमनी चार आठवड्यांत माफी मागितली गं. मला चार वर्षं लागली. तू चोरून खात नव्हतीस. चुकलं माझं."

 लेकीने ओठ घट्ट दाबले.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

मावशीने पुन्हा म्हटलं, जिन्यात शेजारीण उभी होती तरी, आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.