आशाबाईंची बेचाळीस मुलं

"आजी, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतं?" प्रणालीने विचारलं.

माझी नात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. मीही हीच नोकरी करून निवृत्त झाले. तिच्या हाताखालच्या सेविका आशाबाई यांना मोबाइलवर मुलांची वजनं भरता येत नव्हती. बेचाळीस मुलं, मुदत त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत, आणि चुकली तर आशाबाईंना नोटीस. जठारपेठेतल्या आमच्या घरी, बैठकीच्या खोलीत त्या मोबाइल धरून बसल्या होत्या. प्रणालीने हातात घेतलं असतं तर काम अर्ध्या तासाचं.

आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. मी धारणीला असताना जाईबाई नावाच्या सेविकेला वजनाचा तक्ता जमत नसे. सहा वर्षं तो मीच भरला. एसटी चुकली तर जीपमध्ये स्वतःला कोंबून जायची, तिच्या ओसरीवर तक्ता पसरायची. ती चहा टाकायची. आपल्या माणसांना असं सांभाळावं, हे मी पुढे सगळ्यांना सांगत आले.

"थांब, जाईबाईलाच विचारते." मी फोन लावून स्पीकरवर टाकला. ती माझीच बाजू घेणार, याची खात्री होती.

जाईबाई आधी खूप हसली. "बाई, तुमी भरून देत होत्या म्हनून मायी नोकरी टिकली."

"बघ!" मी प्रणालीला म्हणाले.

"आन तुमी भरून देत होत्या म्हनूनच मी शिकली नाई. तुमची बदली झाली, नवी बाई आली. तिनं मले सहा महिने रडवलं, पन शिकवलं."

"मग मी चुकले का गं?"

"ते मले काय माईत, बाई? तुमच्यावानी माया कोनी केली नाई."

दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील? "भर तूच," मी प्रणालीला म्हणाले. लगेच म्हणाले, "नको, राहू दे."

"आजी, एक काहीतरी बोल ना!"

"तुमी ठरवा आरामात," आशाबाई म्हणाल्या, "तवरिक मी एक नाव भरून पाह्यतो."

प्रणाली दोन्ही हात मांडीखाली दाबून त्यांच्या शेजारी बसली.

"आशाबाई, बाराचं एकवीस किलो झालं. पोरगं आहे का हत्ती?" प्रणाली म्हणाली.

"हत्तीच हाय तो. त्याच्या मायले इचारा."

आकडा पुसला, पुन्हा चुकला. मला बघवेना. मी दोनदा उठले, दोनदा बसले. पाच वाजले तेव्हा एकतीस मुलं झाली होती. आशाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

प्रणालीने कार्यालयात फोन केला. "माझ्याकडची अकरा मुलं राहिली, सर. उद्या भरते. नोटीस द्यायची तर माझ्या नावाने द्या."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी हे वाक्य कधी उच्चारलं नाही. मी कामच पुरं करून द्यायची, मग वेळ येणार कशी? नोकरीला जेमतेम वर्ष झालेल्या पोरीने नोटीस अंगावर घेतली. तिला रागवावं की तिची पाठ थोपटावी, मला कळेना. जाईबाईला पुन्हा विचारायची हिंमत नव्हती.

आशाबाईंनी पदराने डोळे पुसले. उठल्या मात्र नाहीत.

"बत्तिसावं कोनतं व, म्याडम?"