पहिल्या ओळीवरचं नाव

पंखा क्षणभर मंदावला आणि अपेक्षाच्या हातून घात झाला.

लाइट जाते की काय म्हणून तिनं घाईघाईत गेम सेव्ह केला. सेव्हच्या पाटीवर एकाखाली एक सहा ओळी होत्या. पहिलीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत नवऱ्याचं नाव, प्रफुल्ल. सगळ्यात खालच्या ओळीवर तिचा स्वतःचा चोरटा डाव, नावाच्या जागी नुसतं एक टिंब. खाली जायचं, एंटर, टिंब, एंटर, हे बोटांना पाठ होतं. आज बोटं खाली जायचंच विसरली. प्रफुल्लचा डाव पुसला गेला आणि त्याच्या जागी तिचं टिंब येऊन बसलं.

पंखा पुन्हा जोरात फिरू लागला. लाइट गेलीच नव्हती.

एका खेळाचं एवढं काय, असं म्हणणारे शहाणे असतात, म्हणून आधीचं सांगायला हवं. लाखांदूरजवळच्या या गावात अपेक्षा सून म्हणून आली त्याला दीड महिना झाला होता. प्रफुल्ल म्हणजे गरीब गाय. बोलणं मोजकंच. लग्नानंतर त्यानं तिला एकच गोष्ट बजावली होती. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवरचा फडका काढून तो म्हणाला होता, "घरातल्या कोनत्याई वस्तूले हात लाव. ह्याच्यातल्या गेमले नोको लावू. माहे दोन वर्षं आहेत त्याच्यात."

ते खोटं नव्हतं. लाखांदुरातलं एक सायबर कॅफे बंद पडलं तेव्हा त्यानं तो डबा उचलून आणला होता. फुगीर काचेचा मॉनिटर, ट्रॅक्टरसारखा घरघरणारा सीपीयू आणि आत हा एकच गेम. किल्ल्यातून राक्षस मारत पुढे जायचं. आपण स्वतःला दिसत नाही, समोर फक्त आपला हात आणि हातातली जादूची काठी. दर रविवारी संध्याकाळी खेळत खेळत प्रफुल्ल शेवटच्या लोखंडी दारापर्यंत पोचला होता. दारामागे राखेचा राजा. तिथे तो हटकून मरायचा आणि सेव्ह केलेल्या जागी, पुन्हा दाराशी येऊन उभा राहायचा. ते दारच आता गेलं होतं. आणि आज रविवार होता.

अपेक्षा हा गेम शाळेत असल्यापासून खेळलेली. तुमसरला मामाकडे मामेभावाशी पैजा लावून. मुलगी पाहायला आले तेव्हा लीलाबाईंनी, म्हणजे आताच्या सासूबाईंनी, विचारलं होतं, "काय काय येते?" आईनं स्वयंपाक, रांगोळी, शिवण सांगितलं. राक्षस मारता येतात हे कोण सांगणार? पण लग्नानंतर नवऱ्याची दाराशी चाललेली फजिती पाहिली आणि तिच्या हातांना खाज सुटली. दुपारी घर निजलं की ती बसायची.

प्रफुल्ल ओरडला असता तर परवडलं असतं. पण तो ओरडणार नाही. तो गप्प होईल, आणि गप्प माणसाची समजूत कशी काढतात हे तिला अजून कळलेलं नव्हतं. त्यानं एवढं एकच मागितलं होतं.

एक वाट होती. तिचा डाव त्या दारापासून एकच मजला मागे होता. तो मजला पार करायचा, दाराशी उभं राहायचं आणि पहिल्या ओळीवर त्याचं नाव जसंच्या तसं लिहून सेव्ह करायचं. प्रफुल्ल शेतावर मोटारीच्या थ्री फेज लाइटची वाट पाहत बसला होता. उन्हाळी धानाला पाणी द्यायचं होतं. थ्री फेज आली की साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या, घरातलं व्होल्टेज पडायचं आणि हा म्हातारा कॉम्प्युटर डोळे मिटायचा. मघाचा पंखा म्हणजे त्याचीच चाहूल असावी. थ्री फेजच्या आत दार गाठायला हवं होतं.

तिनं पदर खोचला.

आवाज बंदच ठेवावा लागला, कारण ओसरीत लीलाबाई आडव्या झाल्या होत्या. या गेममध्ये मागून येणारा राक्षस आधी ऐकू येतो, मग दिसतो. तिला तो दिसेपर्यंत कळणार नव्हता. ती दर चार पावलांनी गर्रकन मागे वळत चालली. पाण्याच्या बोगद्यात दोन पंखवाले अंगावर आले. एकाला काठीच्या निळ्या जाळानं उडवलं, दुसऱ्यानं खांद्याचा लचका तोडला आणि जीवाचा आकडा निम्म्यावर आला. बाहेर मोटारसायकल वाजली. तिनं मान खिडकीकडे वळवली. गाडी पुढे निघून गेली. तेवढ्यात पडद्यावर पुन्हा मार बसला.

"अवं, झोपली का?" ओसरीतून लीलाबाईंनी हाक दिली.

"नाही आई, कपड्याच्या घड्या करून राहिली," अपेक्षा म्हणाली आणि पुलावरच्या राक्षसाला खाली ढकललं.

पुलापलीकडे औषधाची कुपी होती. आकडा पुन्हा भरला. जिना, वळण, आणखी एक जिना. समोर लोखंडी दार.

त्याच क्षणी पंखा हळू झाला. या वेळी तो पुन्हा वेग घेईना. थ्री फेज आली होती.

पहिली ओळ. एंटर. टिंब पुसलं गेलं, रिकाम्या जागी रेघ लुकलुकू लागली. नाव लिहायचं. इथेच अडलं. पहिल्याच आठवड्यात तिनं "प्रफुल्ल, चहा झाला" म्हटलं होतं, तेव्हा लीलाबाईंनी तिला बाजूला घेतलं होतं. "नवऱ्याचं नाव नाही घेत बाई. आयुष्य कमी होते त्याचं." तेव्हापासून तिनं त्याला 'अजी' शिवाय हाक मारली नव्हती. त्याचंही आईसमोर तिचं नाव न घेता 'ऐकते का' वर भागत होतं. नाव उच्चारणं वेगळं आणि टाइप करणं वेगळं, हे तिला कळत होतं. बोटांना कळत नव्हतं. ओसरीत लीलाबाई खोकल्या, पंखा जवळजवळ थांबला, आणि दीड महिना तोंडात बसलेलं तेच बोटांतून उतरलं. ए, जे, आय. एंटर.

पडदा काळा झाला. आपण काय लिहिलं ते तिला तेव्हा कळलं.

संध्याकाळी लाइट नीट आली. प्रफुल्लनं हातपाय धुतले आणि फडका काढला. ती चहाचा कप घेऊन मागे उभी राहिली. पाटी उघडली. तो पहिल्या ओळीकडे पाहत राहिला.

"आजी?" त्यानं हळूच वाचलं. "आजी तं मरून गेली माही."

त्याचा चेहरा खरंच उतरला होता. एरवी तिला हसू आवरलं नसतं.

"आजी नाही," ती म्हणाली. "अजी."

"कोन अजी?"

"तुमी." मग तिनं सगळं सांगून टाकलं. "मी दुपारी खेळत होती. पंखा हळू झाला अन् तुमचं पुसल्या गेलं. मंग मी पुन्हा दारापाशी आनून ठेवलं. चुकलं माहं."

तो काही बोलला नाही. तिला जे भय होतं तेच झालं. त्यानं डाव उघडला. लोखंडी दार आलं. खाली जीवाचा आकडा भरलेला, काठी पूर्ण भारलेली.

"मी इथं मरत मरत येत होतो," तो म्हणाला. "तू एवढा जीव घेऊन आली? एका दुपारी?"

तिनं मान हलवली.

"काहून नाही सांगितलं तुले येते म्हनून?"

"कोनी विचारलंच नाही."

प्रफुल्ल उठला. तो बाहेर जातोय असं वाटून तिचे डोळे भरून आले. त्यानं तिच्या हातातला कप काढून घेतला आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बस. मले थ्या दाराच्या पुढं जमत नाही."

ती बसली. त्यानं वाकून स्पीकरचं बटन पूर्ण फिरवलं. दारामागची गुरगुर खोलीभर घुमली.

"अवं सूनबाई," स्वयंपाकघरातून लीलाबाई ओरडल्या, "भात उतू जाऊन राहिला!"

अपेक्षा अर्धवट उठली. प्रफुल्लनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आई, भात तू पाह्य," तो मोठ्यानं म्हणाला. "अपेक्षा कामात आहे."

स्वयंपाकघरात भाताचं झाकण काढल्याचा आवाज आला, आणि अपेक्षानं लोखंडी दार ढकललं.