किलोला पाच माणसं

कुंदनच्या हळदीला मटण किती लागेल, ते मीच सांगितलं होतं. गावात ऐंशी घरं, घरटी एक माणूस, बाहेरचे पाहुणे एकशेवीस. एकूण दोनशे. किलोला पाच माणसं धरून चाळीस किलो. कुंदनचा बाप धर्मराज शाळेत माझ्याच हाताखाली शिकलेला. त्यानं पुन्हा मोजलं नाही.

हळदीच्या दिवशी दुपारी तीनला त्याचा भाऊ तुळशीराम टोपात डोकावला.

“एवढंच? मी तं गावाला चूलबंद सांगून आलोय.”

चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं. घरटी पाच धरली तरी चारशे. पाहुणे धरून पाचशेवीस, म्हणजे एकशेचार किलो. घरं किती ते मी विचारलं होतं. आमंत्रण कसलं ते विचारलं नव्हतं.

लग्नसराई होती. कळंबोलीपासून पळस्प्यापर्यंत फोन झाले. बकऱ्याचं, कोंबडीचं मिळून बारा किलो मिळालं.

“बटाटे घाला,” मी म्हणालो.

धर्मराजची बायको गुणाबाई टोपापाशी मटकन बसली. “उद्या गाव म्हनेल, जमीन इकून गाडी घेतली आन् हळदीला बटाटा वाढला.”

“घरोघर जाऊन सांगतो, एकेकानंच या,” धर्मराज म्हणाला.

“दिलेलं आमंत्रण मागं घेनार? मंग मी गावात तोंड कसं दाखवू?” तुळशीराम म्हणाला.

चूक माझी होती. मीही धर्मराजबरोबर निघालो.

पहिलं घर कमळाबाईचं. ओटीवर तिची चार नातवंडं नवे कपडे घालून बसली होती.

“दुपारची पन जेवली नाय,” ती हसली. “पोट राखून ठेवलंय म्हनतात. कदी येऊ, गुरुजी?”

“कमळाबाई, माझ्या हातून...”

धर्मराजनं माझं मनगट दाबलं. “लवकर या, मावशे. पोरांना पयल्या पंगतीला बसवा.”

दुसऱ्या घराकडं तो वळलाच नाही. वाटेत म्हणाला, “पोरं सगळी जेवली, तं मागं किती पुरंल?”

मटण सगळं मिळून बावन्न किलो. गावातली निम्मी पोरं धरली, तर दोनशे पोरं. पोराला मोठ्याच्या निम्मं. मी दोनदा मोजलं.

“मोठी माणसं तीनशेवीस. त्यातली निम्मी जेवतील.”

“मंग उरलेल्या निम्म्यांचे पाय मी मांडवाच्या दारात धरतो,” तो म्हणाला. “तुमी निस्ती पोरं मोजा, गुरुजी. आता चुकू नका.”

पाच वाजून गेले होते. मागं वळून पाहिलं, तर कमळाबाईची चौघं आमच्या पाठोपाठ येत होती.