मुटिंडी आजीची प्रार्थना

काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, बजेटची सभा असली की आम्हा बायकांच्या हाती माईक म्हणून येत नाही. मेले अधिकारी आमचं मत विचारायला येतात आणि आपलंच बोलून जातात. यंदा गावच्या दवाखान्यात पाण्याचा थेंब नसताना काउंटीच्या क्यालो साहेबांनी नवं ऑफिस बांधायचं आधीच ठरवून टाकलं होतं. रीतीप्रमाणे सुरुवातीच्या प्रार्थनेला त्यांनी मुटिंडी आजीकडे माईक दिला.

सगळ्यांनी डोळे मिटले.

"देवा," आजी म्हणाली, "साहेबांना सुबुद्धी दे. ऑफिस थांबेल, बाळंतपण थांबत नाही. पैसा आधी दवाखान्याच्या पाण्याला लागू दे."

प्रार्थना मध्येच तोडायची कुणाची छाती?

"आमेन," सगळे म्हणाले. साहेबही म्हणाले.

आजीने डोळे उघडले, माईक मात्र सोडला नाही. "लिहून घ्या साहेब. विरोध कुणाचाच नाही."