पाकदेंचा अंगठा

बसच्या कंडक्टरने पाकदे तुकिजोंच्या मांडीवरच्या पिशवीकडे बोट दाखवलं आणि या पाहुण्याचं तिकीट काढलं का, म्हणून विचारलं. हवा भरून फुगवलेली पिशवी, तळाला वीतभर पाणी, पाण्यात लाल-पांढरा, शोभेचा कोई मासा. पाकदे म्हणाले, आजारी आहे, आजाऱ्याला अर्धं. कंडक्टर हसून पुढे गेला. जावा बेटावर ब्लिटारहून मलांगला जाणाऱ्या बसला असले प्रवासी नवे नाहीत.

पाकदे म्हणजे मोठे काका. रक्ताचं नातं नाही, पण आमच्या गावात कोई पाळणारे सगळेच त्यांना पाकदे म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी माशांचा रोग अंगठ्याने ओळखला. ओला अंगठा माशाच्या पाठीवरून शेपटीकडे न्यायचा, हाताला आलेला बुळबुळीत चिकटा दोन बोटांत चोळायचा आणि औषध सांगायचं. बहुतेक वेळा औषध म्हणजे मीठ. मासा बरा झाला तर अंगठ्याचं नाव, मेला तर माशाचं नशीब. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता कोई पाळणाऱ्यांच्या आमच्या गटाने मायक्रोस्कोप घ्यायचं ठरवलं होतं. तो आला की पाकदेंना हाक कोण मारणार, हे सगळ्यांना कळत होतं. त्यांनाही. तरी मलांगला जायला तेच पुढे झाले. सोबत मला घेतलं, कारण मत्स्यखात्याच्या बाईंकडे मी चार दिवस मायक्रोस्कोप बघायला शिकले होते.

आणखी एक कारण होतं, ते कुणी बोललं नाही. गेल्या वर्षी माझे पैदाशीचे एकोणीस मासे तीन दिवसांत गेले. माझ्या नवऱ्याने, मार्सुदीने, बारा वर्षांत एकेक करून जमवलेले. तो गेला तेव्हा एवढंच मागे राहिलं होतं. पाकदेंनी अंगठा फिरवला, मीठ सांगितलं. मी पोत्याने मीठ ओतलं. नंतर मी त्यांना एका शब्दाने बोलले नाही. पण त्यांच्यापुढे कॉफी ठेवताना साखर विचारायची बंद केली. आता पाकदेंच्या स्वतःच्या हौदात तेच लक्षण दिसत होतं, म्हणून हा मासा.

मलांगला मायक्रोस्कोपच्या दुकानात मेलान नावाची मुलगी होती. तिने आधी हजार-सोळाशे पट मोठं दाखवणारा काढला. मी म्हटलं, आम्हाला चाळीस ते शंभर पुरे, किडे बघायचेत, त्यांचा आत्मा नाही. मग तिने एका डोळ्याचा आरशावाला ठेवला, शेजारी दोन डोळ्यांचा दिव्यावाला, आणि कडेला एक पडदा जोडलेला, डब्याच्या झाकणाएवढा पडदा.

पाकदेंनी पिशवीतल्या माशावर अंगठा फिरवला. चक्रीवाला किडा आहे, मीठ द्यायचं, असं त्यांनी तिथेच सांगून टाकलं. मी चिकटा काचेवर घेतला. दिव्यावाल्यात डोळा घालून ते बराच वेळ वाकून राहिले आणि म्हणाले, दिसतायत की, गरगर फिरतायत.

मेलानने अजून दिवा लावला नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. त्यांच्या मोतीबिंदूची गोष्ट मला तेव्हा कळली.

मग दिवा लावून मी बघितलं. काच स्वच्छ. एकही चक्री नाही. पडद्यावरही तेच. आता मला बोलावं लागलं. मी म्हटलं, बाई सांगायच्या, कल्ल्याचा तुकडा बघायचा असतो.

आमच्याकडे जिवंत माशाचा कल्ला कुणी उघडत नाही. कल्ला उघडला की मासा रुसतो, मग अन्न घेत नाही, असं आजे-पणजे सांगत आले. हा नियम पोरासोरांना दटावून शिकवणारे पाकदेच. मी कात्री पुढे केली आणि ती ते घेणार नाहीत असं धरून चालले.

त्यांनी घेतली. मासा ओल्या फडक्यावर निजवला, कल्ल्यावरचं झाकण नखाने उचललं, आणि कल्ल्याचं टोक तांदळाच्या कणीएवढं कापलं. मासा फडफडलासुद्धा नाही. असे हात माझे कधी होणार नाहीत.

पडद्यावर किडे दिसले. लांबट, चपटे, मागच्या टोकाच्या आकड्यांनी कल्ल्याला धरून बसलेले, पुढचं डोकं इकडेतिकडे हुंगत. सात-आठ तरी. पडद्यावर एवढे मोठे की पाकदेंनाही दिसले. ते नाक लावून बघत राहिले. मासा पिशवीत परत गेला तरी ते बघतच होते.

"याला मीठ चालतं?" त्यांनी विचारलं.

"नाही. याचं औषध वेगळं."

"तुझे मासे पाण्याच्या धारेखाली तोंड काढून धापा टाकत उभे होते ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. म्हातारा माणूस, परका गाव. पण वर्षभर मी गिळलं होतं.

"हो, पाकदे. सगळे."

त्यांनी मान हलवली. मेलान म्हणाली, शेतकरी बहुतेक आरशावाला नेतात, विजेचा भरवसा नसतो. पाकदे म्हणाले, पडद्याचा द्या. मी म्हटलं, वीज गेली तर?

"गेली तर थांबायचं. एकट्याने डोळा घालून सांगायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची, हे पुन्हा नको."

येताना आम्ही पानातला पेचेल-भात खाल्ला, शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या आणि भात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गट त्यांच्या हौदाशी जमला. खोकं उघडलं, वायर जोडली. आता कल्ला कोण उघडणार, यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आजा-पणजांचा नियम. पाकदे लुंगीसारखं सारोंग खोचून पुढे आले, मासा हातात घेतला आणि मान वर न करता म्हणाले, "या लास्मिनीचे एकोणीस मासे माझ्या सांगण्यावरून मेले. रोग इथे होता. मी कधी बघितलंच नाही."

हे ऐकायला मी वर्षभर थांबले होते, आणि ऐकल्यावर मला बरं वाटलं नाही. मार्सुदीचे मासे परत आले नाहीत, आणि म्हाताऱ्याचे कान लाल झालेले मला दिसत होते.

त्यांनी झाकण उचललं. मी घमेलं धरून बसले होते. माशाखालचं पाणी हलू नये, एवढंच मी बघत होते. मग त्यांच्या बायकोने कॉफी आणली, आणि मी विचारलं, "पाकदे, साखर किती?"